घरच्या बैलाची पावती

तो बैल आठवला की आजही मला स्वतःचाच राग येतो. पांढराशुभ्र, कपाळावर तांबडा ठिपका, नाव चांद्या.

तेव्हा मी कोपरगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पाथर्डीहून ऊसतोडीला आलेल्या एका बाईच्या गाडीचा बैल तळावरून चोरीला गेला. आठवडाभराने खबऱ्याचा फोन आला, की तसाच बैल तिसगावच्या बाजारात विकला गेलाय. विकत घेणाऱ्याकडून आम्ही बैल ठाण्यात आणला; विकणारा ऊसतोडीच्याच दुसऱ्या टोळीतला गाडीवान निघाला. ठाण्यात तो छातीठोकपणे म्हणाला, "बैल माजाच हाय."

मी दमदाटी केली नाही. एवढंच विचारलं, "जुवाला कोणत्या बाजूला चालतो?"

"उजव्या."

बाईची बैलगाडी जोडीच्या बैलासकट आवारात होतीच. उजवीकडे जुंपला तर चांद्या पाऊल उचलीना. डावीकडे घेतला आणि मुकाट चालू लागला. गाडीवानाची मान खाली गेली. "चुकलो, साहेब."

बैल मुद्देमाल म्हणून आवारात बांधला. बाई रोज उसाच्या वाढ्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, पेंढी घेऊन यायची. चांद्याची आई व्याल्यावर मेली, तेव्हा हिनेच त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

मग विकत घेणाऱ्याने खटला संपेपर्यंत बैल आपल्याला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज केला. त्याच्याकडे बाजाराची पावती होती. कोर्टाने आमचं म्हणणं मागवलं. कागद ज्याच्याकडे, त्याला 'हरकत नाही', अशी ठाण्याची सवयच होती. हवालदाराने लिहिलं, मी न वाचता सही केली. बैल गेला.

दुसऱ्या दिवशी बाई पेंढी घेऊन रिकाम्या खुंट्याशी उभी. मी पावतीचं सांगितलं. ती म्हणाली, "साहेब, त्यो आमच्या दावनीला जल्मला. घरच्या वासराची पावती आसती व्हय?"

मी सरकारी वकिलांना गाठलं. ते म्हणाले, "खटला चालू असताना प्रत्येक हुकुमावर वरच्या कोर्टात जाता येत नाही. तारीख पुढे ढकलली, साक्षीदार बोलावला, असल्या हुकुमांवर तर नाहीच. पण ज्या हुकुमाने माणसाचा हक्कच जातो, त्यावर रिव्हिजन, म्हणजे वरच्या कोर्टाकडून फेरतपासणी, मागता येते. हा हुकूम त्यातला आहे की नाही यावर वाद होईल. बाईला नव्वद दिवसांच्या आत अर्ज करायला सांगा."

बाईला मोफत वकील मिळवून दिला. माझं म्हणणं चुकीचं होतं, असं मी लेखी दिलं. वरिष्ठ भडकले, "स्वतःच्याच सहीविरुद्ध लिहून देताय?" सेशन्स कोर्टात वाद झालाच. पण बाईला न ऐकताच हुकूम झाला होता, आणि खटला संपेपर्यंत बैल म्हातारा होणार, हे कोर्टाला पटलं. हुकूम रद्द झाला, बंधपत्रावर चांद्या तिला मिळाला. न्यायला आली तेव्हा तिने आधी त्याचं कपाळ छातीशी धरलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच बरं झालं.

कागद नसलेल्या माणसाचं आधी ऐकायचं, हे मी तेव्हा शिकलो, फार उशिरा.

गेल्या वर्षी पाथर्डीला गेलो होतो. मुद्दाम वाट वाकडी करून तिच्या घरी गेलो. दावणीला एक खुंटा रिकामा होता, पण त्याच्याभोवतीची जागा झाडलेली होती.

"म्हातारा हून गेला, साहेब," ती म्हणाली. "आठ हंगाम हुता माज्याजवळ. अजून सकाळी हात वाढ्याकडं जातो."

मग तिने विचारलं, "त्यो खटला सपला का?"

"नाही," मी म्हणालो. "तारीख पडली आहे."