मेडशीहून जवाब

माझ्या थोरल्या साडूंइतका उत्तराचा भुकेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नसेल. रिसोडात त्यांचं केबलचं ऑफिस आहे आणि तिथे एक जुना व्हिडिओ राउटर. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र कुठल्या पडद्यावर जायचं, याचा हुकूम संगणकावरून सुटतो. हुकूम मिळाला की राउटर तसं उलट कळवतो. न कळवलं तर तो पोचलाच नाही असं धरायचं. नियम यंत्राचा, साडूंनी तो माणसांना लावला. बायकोने 'जेवाले या' म्हटलं की ते ओरडतात, "जेवाले या, पोचलं." मग तिनेही 'बरं' म्हणायचं, नाहीतर ते जागचे हलत नाहीत. एसटीत कंडक्टरकडून गावाचं नाव वदवून घेतात. एक कंडक्टर म्हणालाच, "काका, तिकीट घेऊन राह्यले का साक्ष?"

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. याद्या माझ्याकडे, पडदे त्यांच्याकडे. त्यांची आई मेडशीला, खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर. नातीवर अक्षता पडताना तिला घरच्या टीव्हीवर दिसलंच पाहिजे, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं. मेडशीच्या लाइनवर फक्त नवरी. ती लाइन त्यांनी संगणकावरून कुलूपबंदच केली. व्याही म्हणाले, "आमचेही पाहुणे दाखवा की तिकडे."

"माय फक्त नात पाहनार हाय. तुमचे पाहुणे जेवताना दाखवतो."

शेवटचं मंगलाष्टक संपत आलं आणि साडूंनी कोपऱ्यात मांडलेल्या संगणकामागून हात वर केला. "थांबा महाराज. मेडशीहून जवाब नाई आला." राउटरचं उत्तर आलं होतं, पण आईने पाहिलं का, हे यंत्र सांगू शकत नव्हतं आणि आई फोन उचलत नव्हती.

"मुहूर्त टळून राह्यला, यजमान," भटजी म्हणाले.

"तुमी आणखी एक म्हना."

भटजींनी आणखी दोन म्हटली, मग साठा संपला म्हणून पहिलं पुन्हा धरलं. सगळा मांडव मुठीत अक्षता घेऊन उभा. शेवटी फोन लागला.

"माय, दिसून राह्यलं का?"

"दिसून राह्यलं ना बाप्पा. तिच्याकडं पाहू का तुह्या फोनकडं? ठेव."

मांडव हसला, अक्षता पडल्या. साडू तेव्हा संगणकावर वाकून लाइन सांभाळत होते. त्यांनी स्वतः काहीच पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मेडशीला गेलो. साडू आईच्या पायाशी बसले. "अक्षता पडल्या तवा पोरगी हसली का, माय?"

"हसली. मंग मान वळवून कोनाले तरी शोधून राह्यली होती."

साडूंनी तिचं पांघरूण नीट केलं. "पह्यल्यापासून सांग," ते म्हणाले.