साठचा फलक आणि तात्यांची गाडी

रंगनाथ तात्या एसटीत ड्रायव्हर होते. माझ्यावर त्यांचे जेवढे उपकार आहेत तेवढे आईवडिलांखेरीज दुसऱ्या कुणाचे नाहीत, आणि हे आईवडिलांनाही मान्य आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेज नगरला, घर सोनईजवळच्या वस्तीवर (शेतात बांधलेल्या घरात), आणि वेळेत पोचवणारी गाडी एकच, गावची मुक्कामी (रात्री गावात थांबून पहाटे परत निघणारी एसटी). डेअरीत दूध घालून मी फाट्याकडे पळत सुटायचो तोवर गाडीची वेळ टळून गेलेली असायची. तात्या मग फाट्यावर गाडी उभी करून खाली उतरत आणि हातातल्या दांडक्याने एकेक टायर ठोकून हवा बघत. सहाही टायर. ते परत आपल्या दाराने वर चढत, तोवर मी मागच्या दाराने धापा टाकत आत आलेला असे. कंडक्टर म्हणायचे, "तात्या, तुमच्या टायरची हवा बरोबर याच फाट्यावर कमी होते बघा." तात्या गाडी सुरू करत. तीन वर्षं, रोजची दोन मिनिटं.

यंदाच्या जानेवारीत मी पुण्याहून निघालो तो तात्यांसाठी. धाकट्या भावाचा फोन आला होता. निवृत्तीनंतर तात्या एका शाळेची बस चालवतात. शेजाऱ्यांची जीप घेऊन नाशिकहून येताना त्यांनी द्रुतगती महामार्गावर वेगमर्यादा ओलांडली, अशी नोटीस आली होती. शाळेचा नियम सरळ आहे: ज्या ड्रायव्हरवर वेगाची नोटीस आहे, त्याच्या हाती मुलं द्यायची नाहीत. बस तात्पुरती दुसऱ्याकडे गेली होती. महिनाअखेरपर्यंत नोटीस मिटली नाही तर ती कायमची जाणार होती.

"दादा, तू त्याच कामात आहेस ना?" भावाने विचारलं.

मी त्याच कामात आहे. महामार्गावर ठिकठिकाणी कमानी आहेत आणि कमानीवरच्या फलकावर दिव्यांनी आकडा उमटतो. रस्ता मोकळा असेल तर शंभर. पुढे धुकं, पाऊस किंवा अपघात असेल तर नियंत्रण कक्षातला माणूस तो ऐंशीवर किंवा साठवर आणतो. आकडा बदलला की त्याच कमानीवरच्या कॅमेऱ्यालाही नवी मर्यादा कळते. त्याहून वेगाने जाणाऱ्या गाडीचा तो फोटो काढतो. गाडीचा नंबर, तिचा वेग, वेळ आणि त्या क्षणी फलकावर असलेला आकडा, सगळं एका चौकटीत येतं. फलक आणि कॅमेरे एकमेकांशी जुळवून देणं हे आमच्या कंपनीचं काम. कोपरगावच्या बाजूचे काही कॅमेरे मीच जुळवलेले आहेत. एसटीत बसल्यापासून मला वाटत होतं, यंत्राची एखादी चूक सापडावी. सापडली तर ती कुणाची असेल, हा विचार मी शिरूर येईपर्यंत टाळला.

नगरला गाडी बदलली. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, कंडक्टर मात्र "नगर, नगर" असंच ओरडतो. संभाजीनगरच्या रस्त्याला लागलो आणि खिडकीतून ओळखीची झाडं शोधू लागलो. बरीचशी रुंदीकरणात गेली आहेत. घोडेगावात जनावरांचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी इथली वेगमर्यादा म्हशी ठरवतात, तेव्हाही आणि आताही. आमची गाडी त्यांच्या मागून पावलापावलाने सरकत होती. मला गंमत वाटली. रस्त्यावर काय चाललंय ते बघून वेग उतरवायचा, एवढंच तर आमचे लाखमोलाचे फलक करतात.

घोडेगावात एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले. मांडीवर नुसतं दावं होतं.

"गाय दिली का बाबा?" मी विचारलं.

"दिली. दावं न्हाई देत आमी," ते म्हणाले, आणि सोनई फाट्यापर्यंत ते दावं गुंडाळत आणि उलगडत राहिले.

तात्यांच्या घरी पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. दुपारी साडेतीनला, पायात चपला नाहीत, हातात काही काम नाही, असे तात्या मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

"आला का कालेज बुडवून?" ते म्हणाले. माझ्या कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत, पण त्यांच्या लेखी मी अजून एफ. वाय.लाच आहे.

काकूंनी शेंगोळे केले होते (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्श्यात शिजवलेले). ताट पुढे ठेवता ठेवता त्या मला हळूच म्हणाल्या की शाळेची बस रोज दारावरून जाते, पोरं खिडकीतून हात करतात आणि हे उठून आत जाऊन बसतात. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. तात्या उठले आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले. बस गेल्यावर बाहेर आले.

जेवण झाल्यावर त्यांनी नोटीस माझ्यापुढे ठेवली. फोटोत कमान होती, जीप होती, वर लाल कड्यात साठ होतं. वेग अठ्ठ्याहत्तर.

"फोटू खरा हाय," तात्या म्हणाले. "काटा अठ्ठ्याहत्तरवर हुता. पर मी लांबून वाचलं तवा शंभर हुतं रे. कमानीखाली शिरता शिरता साठ झालं. म्या लगेच पाय काढला."

"ब्रेक नाही मारलात?"

"मागं शेजारची मथुराबाई आडवी हुती, गुडघ्याचं आपरेशन झाल्याली. आन ती नसती तरी न्हाई मारला असता. तीस वर्सं माझ्या मागं मानसं उभी असायची, दत्तू. पाय काढायचा, गाडी आपसूक हळू हुती. गच्चकन दाबला की एखादी म्हातारी पडती."

शाळेत त्यांनी हेच सांगितलं होतं. तिथले साहेब म्हणाले की पकडलेला प्रत्येक जण फलकावर शंभर होतं असंच म्हणतो. तात्यांना नोटिशीपेक्षा ते वाक्य जास्त लागलं होतं.

मी नोटिशीवरची तारीख पाहिली आणि कागद उजेडाकडे धरून पुन्हा एकदा पाहिली. त्या कमानीवरचा जुना कॅमेरा बिघडला होता. त्या तारखेच्या तीनच दिवस आधी तिथे नवा बसवला होता, आणि पुण्यात बसून त्याची जुळणी मी केली होती. आकडा बदलला की कॅमेऱ्याने लगेच नव्या मर्यादेने मोजायचं नसतं. जुना आकडा वाचून जवळ आलेल्या गाडीला वेग उतरवायला काही सेकंद द्यायचे असतात. त्याला आम्ही सवलतीचा वेळ म्हणतो. नवा कॅमेरा बसवला की तो वेळ हाताने भरावा लागतो. मी तो भरला होता का? मला आठवेना. त्या आठवड्यात कामाची घाई होती, एवढंच आठवत होतं.

तात्यांना मी यातलं काही बोललो नाही. कोपरगावच्या नियंत्रण कक्षात जाऊन नोंद पाहतो, एवढंच म्हणालो. "मग मीच सोडतो की," ते म्हणाले. "बसून बसून पाय गंजले."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांची तीच जीप घेऊन आम्ही श्रीरामपूरमार्गे निघालो. उसाचा हंगाम जोरात होता. प्रत्येक ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्या वर रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारी वाढं (उसाचे हिरवे शेंडे). तात्या त्यांच्या मागे सबुरीने चालत होते. पुढचं वळण दिसल्याशिवाय ओलांडत नव्हते. खिडकीतून मळीचा आंबूस वास यायला लागला की कारखाना जवळ आला, हे मला लहानपणापासून माहीत. तो वास आला आणि मी उगाच खूश झालो.

पुढे एका ट्रॉलीतून मोळ्या सुटून रस्ताभर पसरल्या होत्या. तात्यांनी जीप बाजूला घेतली, शंभर पावलं मागे एका झाडाची फांदी आडवी टाकली आणि मोळ्या उचलायला लागले. मीही उतरलो. दुसऱ्याच मोळीला माझा पाय पाटाच्या चिखलात गेला आणि ऑफिसचा बूट तिथेच राहिला. ट्रॉलीवाल्या बाई पदर तोंडाशी धरून हसल्या. "सायबानं ऊस कधी उचलला न्हाई वाटतं."

"साहेब न्हाई त्यो," तात्या चिखलातून बूट उपसून काढत म्हणाले. "रोज दूध घालून माझ्या गाडीमागं पळायचा त्यो."

गोदावरी जवळ आली तसं धुकं लागलं. आधी पुलाचे कठडे पुसट झाले, मग पुढच्या ट्रकचे दिवे. तात्या बोलायचे थांबले आणि त्यांचा पाय आपोआप वर आला. या रस्त्याला फलक नव्हता, कॅमेराही नव्हता. मी त्यांच्या पायाकडे बघत बसलो.

नियंत्रण कक्षात मला ओळखत होते. तात्या बाहेर चहाच्या टपरीवर थांबले. पाळीवरच्या मुलीने त्या सकाळची नोंद काढून दिली. कमानीपाशी तेव्हा स्वच्छ ऊन होतं. पुढे नदीकाठी धुकं उतरलं, म्हणून तिने नियमाप्रमाणे मर्यादा उतरवली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. आकडा बदलला त्याच्या चौथ्या सेकंदाला जीपचा फोटो निघाला होता. मी जुळणीचं पान उघडलं. सवलतीच्या वेळेपुढे शून्य होतं. खाली भरणाऱ्याचं नाव होतं, माझं.

मी बाहेर आलो. तात्या उसाचं एक कांडं हातात घेऊन जीपचे टायर ठोकत होते.

"हवा कशी आहे?" काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

"हवा ठीकच असती," ते म्हणाले. "तू यायचा हुतास."

मला तेव्हाच सगळं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. नोंद पाहिली आहे, ऑफिसात बोलून कळवतो, असं म्हणालो. तात्यांनी माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पत्र टाक. फोनवर तू लई भरभर बोलतोस." त्यांनी मला कोपरगाव स्टँडवर सोडलं. माझी गाडी हलेपर्यंत ते तिथेच उभे होते.

पुण्याच्या वाटेवर मला झोप लागली नाही. ज्या विषयात मी पदवी घेतली, तो शिकायला मी रोज तात्यांच्या गाडीतून गेलो होतो. माझ्या वर्गातली दोन हुशार मुलं पुढे शिकली नाहीत, कारण त्यांची गाडी वेळेवर सुटायची. वेळेवर सुटणारी गाडी चुकीची नसते. पण पळत येणारा माणूस ज्याला दिसतो, त्याच्या हाती गाडी असली तर पुष्कळ फरक पडतो. मी संगणकासमोर बसतो, मला माणूस दिसत नाही, नुसते रकाने दिसतात. त्यातला एक मी रिकामा सोडला होता.

ऑफिसात गेल्याबरोबर साहेबांना सांगितलं. ते रागावले, मग शांत झाले आणि म्हणाले, तुझ्या ओळखीच्या माणसाची नोटीस रद्द करून घेऊ, विषय तिथेच संपवू. मी म्हटलं, त्या कमानीखालून त्या दिवसांत आणखीही माणसं गेली असतील. शेवटी साहेबांनी लेखी अहवाल मागितला. तो वर गेला, आणि नोटीस मागे घेतल्याचा कागद हाती आला त्याच दिवशी मी बसून हे पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप रंगनाथ तात्यांना दत्तूचा साष्टांग नमस्कार.

सोबत एक कागद आहे. तुमची नोटीस चुकीची होती, ती मागे घेतली आहे, असं त्यात लिहिलं आहे. खाली सही-शिक्का आहे. महिना संपायच्या आत शाळेतल्या साहेबांना दाखवा. तुम्ही वाचलं तेव्हा फलकावर शंभरच होतं, हेही त्यात आहे. ते वाक्य मी आग्रहाने घालून घेतलं.

आता जे कोपरगावात सांगायला हवं होतं ते सांगतो. चूक यंत्राची नव्हती, माझी होती. आकडा बदलल्यावर गाड्यांना थोडा वेळ द्यायचा असतो. तो त्या कॅमेऱ्यात मी भरलाच नव्हता. तुम्ही तीन वर्षं माझ्यासाठी गाडी थांबवलीत, आणि माझा कॅमेरा तुमच्यासाठी चार सेकंदही थांबला नाही. त्या दिवसांत तिथे ज्यांना ज्यांना अशी नोटीस गेली, त्या सगळ्यांच्या नोटिसा मागे घेतल्या आहेत. चुकीखाली माझं नाव नोंदलं आहे. सहा महिने माझी जुळणी दुसरा माणूस तपासणार आहे. ते बरोबरच आहे.

काकूंना सांगा, बूट धुऊन वाळवला, पण त्याला अजून पाटाचा वास येतो.

त्या कॅमेऱ्याला मी आता थांबायला शिकवलं आहे. तुम्ही सहा टायर ठोकून वर चढायचात, तेवढा वेळ भरायचं मनात होतं. तेवढा नियमात बसत नाही, तात्या. एक टायर नीट ठोकून होईल, एवढा बसला.

तुमचा,
दत्तू"