ओहोटीचं विसर्जन

मी कान तपासते. हौस म्हणून नाही, तोच माझा जॉब आहे... ऑडिओलॉजिस्ट. कुणाच्या कानात दिवसभर शिट्टी वाजते, कुणाला वारलेला नवरा किचनमधून हाक मारतो. अशा लोकांना समोर बसवून, मेंदू रिकाम्या जागा आपल्या मनाने कशा भरून काढतो, हे मी रोज समजावून सांगते. त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचले, आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवून हसलेसुद्धा, हे आधीच कबूल करते. आता कुणी मला हसलं तर माझी तक्रार नाही.

जागा सांगते. लिंकनशरच्या किनाऱ्यावरचं एक छोटं गाव, लेस्टरहून गाडीने अडीच तास. नाव लिहीत नाही, कारण तिथे मराठी घर आमचं एकच आहे आणि लगेच कळेल. त्याआधी सहा वर्षं आम्ही हॅरोला होतो, मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनला लटकून. मग मला इथल्या क्लिनिकमध्ये पोस्ट मिळाली. निखिलचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ऑफिस ब्रॅकनेलला... पण तो घरूनच काम करतो, महिन्यातून दोनदा तिकडे तोंड दाखवून येतो. म्हटलं चला, समुद्राकाठी राहू.

समुद्राकाठी राहायचं म्हणजे सगळं नव्याने शिकायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. इथे दोरीवर कपडे अर्ध्या तासात वाळतात, पण मिठाने पापडासारखे कडक होतात. कचऱ्याच्या बिनच्या झाकणावर वीट ठेवली नाही तर बिन सकाळी चौथ्या घरापुढे सापडतो. बाहेर हातात सँडविच धरायचं नाही, सीगल झडप घालतो आणि वर ओरडून दाखवतो. समोरच्या घरातली पॉलीन, सत्तरी ओलांडलेली, रोज कुंपणावरून "यू ऑलराइट, डक?" (डक म्हणजे इथलं 'बाळा') विचारते आणि उत्तराची वाट न बघता हवामान सांगते. पहिल्याच आठवड्यात तिने टाइड टेबलचं, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळांचं, छोटं पुस्तक आणून दिलं. मी थँक यू म्हटलं आणि ते टेकअवेच्या मेनूंबरोबर ड्रॉवरमध्ये टाकलं. समुद्र काय, कधीही जा, तो तिथेच असणार... असं मला वाटायचं.

मेमध्ये माझे सासरे आले, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. अप्पा. वय शहात्तर, पुण्याला शाळेत गणित शिकवायचे. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहतात. कान दोन्ही जवळजवळ गेलेत. कानांची मशीनं मीच बसवून दिली, पण ती घालायची म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. "मशीन नसलं की सगळे सज्जन वाटतात," म्हणतात. मशीनं काढली की शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी त्यांना पत्ता नसतो. हे सूनबाई म्हणून नाही, त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, पाहून सांगते.

गावाला ते माझ्याआधी आवडले. अकरा वाजता समुद्राकाठच्या प्रोमेनाडवरच्या बाकावर जाऊन बसायचे. तिथले म्हातारे त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचे, हे नुसती मान डोलवायचे. मग लोक मला रस्त्यात थांबवून सांगायला लागले की तुझे सासरे फार समजूतदार आहेत.

घरात मात्र मला जड जात होतं, खरं ते लिहिते. टीव्ही दणदणीत लावायचा. एक गोष्ट चारदा ओरडून सांगायची. मी दिवसभर बहिऱ्यांशी बोलून घरी यायची, आणि दार उघडलं की परत तेच. त्यांचं तिकीट ऑक्टोबरअखेरचं होतं. ते सप्टेंबरअखेरवर आणावं, असं मी निखिलच्या मागे लागले होते... थंडी सुरू होईल, त्यांनाच झेपणार नाही, वगैरे. निखिलला ते अजिबात पटत नव्हतं.

अशात गणपती आले. हॅरोला आम्ही दरवर्षी बादलीत विसर्जन करायचो आणि मग ते पाणी गुलाबाला. या वर्षी मात्र निखिल पहिल्या दिवसापासून फुशारला होता, "यंदा बाप्पाला खराखुरा समुद्र." आमचा पाच दिवसांचा, वीतभर शाडूची मूर्ती. पाचवा दिवस नेमका रविवारी आला. अप्पांनी पंचांग बघून चारची वेळ काढली. उत्तरपूजा झाली, वाटल्या डाळीचा नैवेद्य झाला, अप्पांनी मूर्ती जागची हलवली. आणि समुद्राचं पाणी कानात जायला नको म्हणून मी माझ्या हाताने त्यांची मशीनं काढून डबीत ठेवली, डबी पर्समध्ये टाकली. पंचांग पाहिलं, पण टाइड टेबल कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गेलो तर समुद्रच नव्हता.

म्हणजे होता, पण पार लांब... एक चंदेरी रेघ. मध्ये सगळी ओली वाळू, आणि तिच्यावर पाण्याचा इतका पातळ थर की आकाश जसंच्या तसं खाली उतरलेलं. परत फिरायला हवं होतं. पण निखिलच्या हातात मूर्ती, तोंडाने एकदा "गणपती बाप्पा" सुरू झालेलं, घरातून उठवलेला देव परत कसा न्यायचा? चालत राहिलो. ऊन होतं, वारा पडलेला. पायाखाली ढग होते आणि निखिल मूर्ती घेऊन त्यांच्यावरून चालला होता. अप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बगलेत पाट. वाटेत घोट्याएवढ्या पाण्याचा एक ओहोळ लागला, तो ओलांडला. इतकं सुंदर विसर्जन मी आयुष्यात पाहिलं नाही, हे आजही म्हणेन.

मूर्ती पाण्यात सोडली. विसर्जनाच्या जागची थोडी वाळू पाटावर घालून घरी न्यायची, हा अप्पांच्या घरचा नेम. ते स्वच्छ वाळू शोधत खाली वाकले. "तुम्ही व्हा पुढे, आलोच," म्हणाले. आणि आम्ही पुढे झालो, कारण मला निखिलशी तिकिटाचं बोलायचं होतं. अप्पांना ऐकू येणार नव्हतं, त्यामुळे कुजबुजायचीही गरज नव्हती.

दहाएक मिनिटं आम्ही भांडत चाललो. मागे वळून पाहिलं नाही. समोर किनाऱ्यावरच्या बीच हट्सचे, म्हणजे लाकडी खोपट्यांचे, रंग फिके झाले तेव्हा मला वाटलं, चष्म्यावर पाणी उडालंय. चष्मा पुसला. तोवर हट्सच नव्हत्या. थंडगार वाफेसारखं काहीतरी अंगावरून गेलं आणि चहूकडे पांढरं झालं... याला इथे फ्रेट म्हणतात, समुद्रावरून येणारं धुकं. मागे वळलो. मागेही पांढरं. अप्पा नव्हते.

मी "अप्पा" म्हणून किंचाळले, आणि किंचाळताना कळलं की मी काय करतेय. त्यांची मशीनं माझ्या पर्समध्ये होती.

निखिलने इमर्जन्सीच्या ९९९ ला फोन लावला. कोस्टगार्डच्या बाईंनी पहिलं विचारलं, भरती किती वाजता आहे? आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनीच बघून सांगितलं की भरती सुरू झालेली आहे, आणि या किनाऱ्यावर पाणी समोरून येत नाही, आधी आपल्या मागचे, किनाऱ्याकडचे ओहोळ भरतात. तुम्ही आत्ताच्या आत्ता किनाऱ्याकडे निघा. निखिल म्हणाला, मी वडिलांना टाकून जाणार नाही, आणि समुद्राच्या दिशेने चालायला लागला. मी त्याचा शर्ट धरून ठेवला. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी ओरडले, "गणपती बाप्पा..."

"मोऽरया."

अप्पांचाच आवाज. 'मो' लांबवायचा आणि 'रया' झटक्यात तोडायचा, त्यांची जन्माची सवय. आम्ही दोघंही जागच्या जागी उभे राहिलो. मी परत म्हटलं. दोनेक सेकंदांनी परत "मोऽरया". फार लांबून नाही, घाईत नाही. आपण घरी आरतीला उभे असताना म्हणावं तसं.

निखिल म्हणाला, "समुद्राकडून येतोय, चल." मी म्हटलं, नाही, उलट्या बाजूने येतोय. आवाज कुठून येतो हे ओळखायच्या परीक्षा मी रोज लोकांच्या घेते. मी डोळे मिटले, मान दोन्हीकडे फिरवून पाहिलं. आवाज किनाऱ्याकडून होता. माझ्या मनात आलं, अप्पा धुक्यात आम्हाला ओलांडून पुढे निघून गेले असणार. "निखिल, ते पुढे पोचलेत. माझं ऐक." त्याने ऐकलं.

मग मी म्हणत गेले आणि समोरून उत्तर येत गेलं. मघाचा घोट्याएवढा ओहोळ आता कमरेला लागला. ओढ होती पाण्याला. मी मध्येच घसरले, निखिलने ओढून काढलं, आणि दिशा पार चुकली. म्हटलं, "गणपती बाप्पा", आणि उजवीकडून "मोऽरया". उजवीकडे वळलो. पायाला कोरडी वाळू लागली, मग काँक्रीटच्या पायऱ्या.

पायऱ्यांवर कुणी नव्हतं. प्रोमेनाडवर, बाकावर, कुठेच नव्हतं. मी ओरडले. उत्तर आलं नाही. परत ओरडले. काही नाही. तेव्हा मला समजलं की अप्पा पुढे आलेलेच नाहीत. मी माझ्या कानांवर विश्वास ठेवून त्यांच्या मुलाला त्यांच्यापासून लांब आणलं होतं. निखिलने एकदा माझ्याकडे पाहिलं. तो परत पाण्याकडे धावला, मी त्याच्या पायाला मिठी मारून बसले. मी माणूस मारला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिकीट अलीकडे आण, अलीकडे आण म्हणत होते ना, घे आता.

पाच मिनिटं, सात मिनिटं... सांगता येत नाही. मग धुक्यात थोडं गडद काहीतरी दिसलं आणि त्यातून अप्पा बाहेर आले. समुद्राच्या बाजूने. दोन्ही हातांत पाट आडवा धरलेला, त्यावर वाळूची छोटी रास. फिरायला जाऊन आल्यासारखे चालत आले आणि म्हणाले, "अरे, किती भिजलात दोघं."

त्यांची पँट कोरडी होती. ओले होते ते फक्त तळपाय.

कोस्टगार्डची गाडी तेवढ्यात आली. त्यातल्या एकाने अप्पांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि मला विचारलं की हे कुठून आले. तो ओहोळ किनाऱ्याला समांतर मैलभर जातो आणि आता त्यात डोकं बुडेल एवढं पाणी आहे, हे त्याने दोनदा सांगितलं. मी मशीनांची डबी अप्पांसमोर धरली, ती त्यांनीच घालून घेतली. पॉलीन ब्लँकेट्स घेऊन आली. चहा दिला आणि मला जे काही बोलली, ते इथे छापण्यासारखं नाही. बरोबरच बोलली.

दोन दिवसांनी मी अप्पांना क्लिनिकमध्ये नेलं. ऑडिओग्राम पूर्वीचाच, एका रेघेचा फरक नाही. धुक्यात आवाज वाकतो, किनाऱ्याच्या भिंतीवर आपटून उलट्या दिशेने येतो, हे सगळं मला माहीत आहे. तेवढ्यावर मी माझं समाधान करून घेतलंही असतं. पण नुसता प्रतिध्वनी असता तर परत आलं असतं ते माझं "बाप्पा". त्यांचं "मोरया" माझ्या प्रत्येक हाकेनंतर बरोबर दोन सेकंदांनी येत होतं, आणि मशीनांशिवाय या माणसाला कुकर ऐकू येत नाही.

शेवटी एकदा नाश्त्याला विचारलंच. "अप्पा, त्या दिवशी आमचा आवाज तुम्हाला आला कसा?"

"कसला आवाज?" पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत ते म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही."

"मग मोरया कुणाला म्हणत होतात?"

"तुम्हाला. कुणाला म्हणजे काय?" मी वेड्यासारखं विचारतेय असं त्यांना वाटलं असावं. "धुकं आलं, मी दिसेनासा झालो, म्हणजे तुम्ही लगेच हाका मारायला लागला असणार. मला ऐकू येत नाही म्हणून उत्तर द्यायचं नाही की काय? तुम्ही घाबरला असतात. म्हणून धुकं आल्या क्षणापासून मी आपला मोरया म्हणत चालत राहिलो. आलो बरोबर."

"वाटेत पाणी नाही लागलं?"

"कुठे होतं पाणी?"

मी उठून किचनमध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तिकीट बदललं नाही, हे सांगायला नकोच. ऑक्टोबरअखेरीला गेले, या मेमध्ये परत आलेत, टीव्ही अजून तसाच दणदणतो.

तो आवाज समोरून कसा आला, वेळ कशी जुळली, अप्पा ते पाणी कसं पार करून आले... कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण रात्रंदिवस मला छळतं ते हे नाही. धुकं मागून आलं, आमच्याआधी त्यांच्यावर आलं. त्यानंतरची कितीतरी मिनिटं आम्ही त्यांना घालवायचं कसं यावर भांडत होतो, आणि आमच्या मागे तो म्हातारा माणूस, आम्ही न मारलेल्या हाकेला ओ देत चालला होता.

अप्पांना हे मी अजून सांगितलेलं नाही.