विहीणबाईंनी पिकअप घेतला

चार वर्षांपूर्वी मी फोनवर माझ्या विहीणबाई बनून बोलले आणि त्यांची गाडी रद्द करायला निघाले, हा गाढवपणा आधीच कबूल करून टाकते. तेव्हा मी जेमतेम सत्तर वर्षांची होते. त्या वयात अक्कल अजून यायची असते. शिवाय नक्कल करायला बाई निवडली तीही अशी, की जिच्यासारखी दुसरी अख्ख्या उज्जैनमध्ये दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. नवरा बँकेत, त्यामुळे माळव्यात अकरा गावी बदल्या झाल्या आणि अकरा वेळा बाईंनी बिऱ्हाड ट्रकमध्ये चढवलं-उतरवलं. तेव्हापासून त्यांना जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात: बांधलेल्या आणि बांधायच्या राहिलेल्या. पर्समध्ये कंगवा नसेल, पण सुतळीचा गुंडा असतोच. कुणाकडे नवा सोफा बघायला गेल्या तर "छान आहे" म्हणत नाहीत, दाराची चौकट वितीनं मोजतात आणि विचारतात, "आत कसा आणलात?" फ्रीगंजच्या भर बाजारात टेम्पो अडवून "भैया, तेरी गाँठ खुल जाएगी" असं ड्रायव्हरला सुनावताना मी त्यांना पाहिलंय, आणि ओळख नसल्यासारखी शेजारच्या कापडाच्या दुकानात शिरलेय. लेकीच्या लग्नात तर कहरच. विहिणीची पंगत मांडलेली, चांदीचं ताट, भोवती रांगोळी, मी आग्रहाची जिलबी घेऊन उभी, आणि पाट रिकामा! शोधलं तर वरमाय मंडपाबाहेर, पैठणीचा पदर खोचून मंडपवाल्याच्या गाडीवर खुर्च्या बांधतायत. "पाच मिनिटं हो विहीणबाई, ह्यानं बांधल्या तर पहिल्याच वळणावर खुर्च्या रस्त्यात." मी त्यावरून दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. मानपान म्हणजे काय ते मला तेव्हा फारच कळायचं.

अशा या बाईंनी सहासष्टाव्या वर्षी, नवऱ्यामागे राहिलेला प्लॉट विकून, नवा कोरा पिकअप बुक केला. भाजी वाहायचा साधा नव्हे. चार दारं, आत एसी, मागे हा एवढा उघडा हौदा, आणि किंमत अशी की नानाखेड्याला दोन खोल्यांचा फ्लॅट आला असता. जावयांचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी जळून काळी झाली तरी माझा 'आ' मिटेना.

"आई, आमची आई ऐकतच नाहीये. आजच गाडी आणायला गेलीये. तिच्या म्हातारपणाचा पैसा आहे हो तो. तुम्हीच काहीतरी करा."

जावयानं आपल्याला मदत मागावी! माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. "तुम्ही निवांत राहा," म्हटलं आणि शोरूमचा नंबर लावला. आवाज जाड केला, बाईंसारखा एक खोकला काढला, त्यांचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "मुझे गाड़ी नहीं चाहिए. कैंसल कर दो."

पलीकडचा शोरूमचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, "माताजी, आप तो मेरे सामने बैठकर चाय पी रही हैं."

मला फोन ठेवायचंही सुचेना. तेवढ्यात तिकडून खराखुरा जाड आवाज आला, "कोण? मीच का?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"बरं. घरीच थांबा मग. किल्ली मिळाली की मी माझ्याकडे येतेच."

अर्ध्या तासात दारात हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं तर गाडी कसली, घरच येऊन उभं राहिलेलं. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार. ड्रायव्हर कुठेय म्हणून बघते तो स्टिअरिंगमागे विहीणबाई! तीन महिने चोरून शिकत होत्या. घरी सांगायच्या, भजनाला जाते. मला आत चढवायला घरातलं स्टूल आणावं लागलं. फ्रीगंजच्या पुलावर चढलो तेव्हा मी महाकालापासून कुलदेवीपर्यंत सगळ्यांना हाका मारून घेतल्या.

पूल उतरल्यावर जीव थाऱ्यावर आला, तसं मी जावयांचं काम काढलं. "एवढा मोठा हौदा, त्यात ठेवणार काय तुम्ही?"

"काहीच नाही."

"मतलब?"

"मतलब रिकामा. शेजारी आत्तापासूनच कूलर न्यायला गाडी मागतायत. सांगितलं, टेम्पो करा."

"अहो, मग पैसे वसूल कसे व्हायचे?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. मी ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या. "अकरा बदल्या झाल्या, विहीणबाई. दर वेळी हे पुढे, ड्रायव्हरजवळ. मी मागे, सामानात. कपाटाचा आरसा फुटेल म्हणून तो मांडीवर धरून बसायचं. एकदा शाजापूरला पोचेपर्यंत उन्हानं भोवळ आली मला. हे उतरून मागे आले, ताडपत्री उचलली आणि विचारलं, 'आरसा शाबूत आहे ना?'" मग त्याच हसल्या. "होता हो. एक ओरखडा नाही."

समजूत घालायला आलेली मी, घर येईपर्यंत नुसती समोरचा रस्ता बघत बसले. पुढच्या सीटवरून रस्ता फार छान दिसतो.

संध्याकाळी जावई आले ते गाडीला गिऱ्हाईक ठरवूनच. आईची सही तेवढी राहिली होती. "काय म्हणाली?" त्यांनी चप्पल काढता काढताच विचारलं. मी सगळं सांगितलं, आरशासकट. ते किती तरी वेळ मोबाईल या हातातून त्या हातात करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आई, गिऱ्हाइकाला मी नको म्हणून सांगतो. मी पुढेच असायचो हो, बाबांच्या मांडीवर. मागे बघायला ट्रकला काच होती. मी एकदाही वळून पाहिलं नाही."