फुडे सरा, जागा आसा

घरात कुणी पाऊल टाकलं की भाई दाराच्या फळीवर तळहाताने दोनदा थाप मारत आणि ओरडत, "फुडे सरा, जागा आसा!" मांद्रे-म्हापसा बसवर उभा जन्म कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त झाले तरी थाप काही गेली नाही. मी शेजारीण, एकटीच चहाला गेले तरी मला पुढे सरावं लागायचं. आता कुणासाठी सरायचं, देव जाणे! एवढ्या मोठ्या घरात भाई एकटेच राहत.

लग्न केलं नाही. दोन धाकट्या भावांना शिकवलं, एक मुंबईला गेला, एक बंगळूरला. गणेश चवथीला दोघे मुलाबाळांसकट मूळ घरी यायचे. मग कारणं यायला लागली. एका भावजयीचे गुडघे धरलेले, तिला परसातला संडास जमत नाही. दुसरीच्या मुलांना डास फोडून काढतात. शेवटी गणपतीपुढे भाई आणि भटजी, दोघेच उरले. तेव्हा भाईंनी होती नव्हती ती पुंजी काढली आणि घराला हात घातला.

मला वाटलं, झालं! आता सिमेंटचं खोकं उभं राहणार. आमच्या वाड्यावर दुसरं काय होतं? पण भाई भलतेच चिवट. कमोड, शॉवर, गिझर सगळं आणलं, ते घराला लागून असलेल्या भाताच्या कोठारात बसवलं. "ओल मातयेच्या भिंतीक लागाक नको," म्हणायचे. काचांऐवजी शिंपले बसवलेल्या जुन्या खिडक्या तशाच ठेवून आतून जाळ्या लावल्या. वायरी वाशांवरून नेल्या, एक भिंत फोडू दिली नाही. लाद्या आल्या, पण गणपतीच्या खोलीतली जमीन शेणाने सारवलेलीच राहिली. आणि गणपतीच्या डोक्यावरची माटोळीची लाकडी चौकट, जिला चवथीला रानातली फळंपानं बांधतात, तिला पॉलिशसुद्धा लागलं नाही.

सुतार म्हणाला, "भाई, ही काडूया. थंय बरो फॅन बसतलो."

"फॅन तुझ्या घरात बसय!" भाई उखडले. "पोरां येतली. आपण खंयची ती तांका कळाक नको?"

आली हो, सगळी आली! त्या चवथीला थापा मारून मारून भाईंचा तळवा लाल झाला. नेवऱ्या तळायला मीच होते. गुडघेवाल्या भावजयीने कोठारात जाऊन आल्यावर भाईंना नमस्कार केला, खोटं नाही सांगत. एका पुतण्याने घरभर फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढला. "काका, असं घर आता बघायला मिळत नाही," म्हणाला. भाई नव्या नवरीसारखे लाजले. मला वाटलं, जिंकले बाई!

तोच व्हिडिओ फिरत फिरत दिल्लीच्या एका गिऱ्हाइकापर्यंत गेला. छपराचे नळे, म्हणजे कौलं, गळत होती तेव्हा ज्या घराकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याला मागणी आली. भावांचे फोन सुरू झाले. वाटे तिघांचे, आणि त्यांचे वाटे घ्यायला भाईंकडे दमडी उरली नव्हती. होतं ते सगळं त्याच घरात गेलेलं.

"सही करू नका," मी तणतणले. "जाऊ देत त्यांना कोर्टात!"

"भावांका कोर्टात उभे करू? कित्याक? घर तांच्यासाठीच केलला मगे." नंतर हळूच म्हणाले, "तसाच पडाक सोडला असता, तर उरला असता गो, बाय."

आणि त्यांनी सही केली.

भाई पेडण्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. पुढची चवथ त्यांनी तिथेच केली. ती त्यांची शेवटची. तिथे माटोळी कुठे बांधणार? पंखा उतरवून त्याच्या हुकाला बांधली आणि दीड दिवस घामाघूम होऊन बसले. भाऊ आले नाहीत. फ्लॅटमध्ये उतरायचं कुठे, म्हणाले.

विसर्जन झाल्यावर भाई बसने माझ्याकडे आले. चहा झाला आणि म्हणाले, "एकदा बघून येऊया." मी नको म्हणत होते. नव्या मालकाने घर पर्यटकांना भाड्याने द्यायला काढलं होतं, पण काही बिघडवलं होतं असं नाही. उलट सगळं जपलं होतं, शेणाची जमीनसुद्धा, पाहुण्यांना फोटो काढायला. माटोळीच्या चौकटीला मात्र रंगीत दिवे टांगले होते. ते मी भाईंना सांगितलं नव्हतं.

फाटकाशी आलो. आत गाड्याच गाड्या, मुलांचा दंगा. भाईंचा हात सवयीने उठला आणि फाटकाच्या पत्र्यावर दोनदा थाप पडली. आतून रखवालदार धावत आला. "जगह नहीं है, अंकल. सब फुल है."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तोच भाईंनी माझा हात धरला. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि तो मला बघवत नव्हता.

"आयकलंस, बाय?" ते म्हणाले. "घर भरला."