वकीलबाईंची सही

समोरची बाई रडायला लागली तरी वकीलबाईंची बोटं टाईपरायटरवर थांबत नसत. कागदावरची नजर न काढता त्या म्हणत, "रडून घे माय. पण नवरा मेला कोणत्या तारखेले, ते सांग पह्यले."

वकील त्या नव्हत्याच. नवऱ्यानं टाकल्यावर एका वकिलाकडे आठ वर्षं टायपिंग केलं आणि मग महागावच्या तहसीलसमोर, झेरॉक्सच्या शेडखाली, स्वतःचं टेबल मांडलं. मी आत आवक-जावकला कारकून होतो. त्यांनी टाईप केलेला प्रत्येक अर्ज बारा वर्षं माझ्या हातून गेला. एकाही अर्जात खाडाखोड नसे.

कायदा त्या लोकांच्या भाषेत सांगत. दिरांनी सातबाऱ्यावर नाव लावू दिलं नाही म्हणून तांड्यावरची एक विधवा आली, तर तिला म्हणाल्या, "सातबारा वावराचा हजेरीपट होय. हजेरीत नाव नाही म्हून लेकरू परायं होते का? वारसाचा अर्ज कर." ठाणेदारानं तक्रार घेतली नाही, असं सांगणाऱ्या माणसावर त्या खेकसल्या, "मंग घरी काहून आला? हेच लिहून मोठ्या साहेबाले रजिस्टर पोस्टानं धाडू. पावती हरवली तं माह्याकडं येऊ नको."

जीभ मात्र दयामाया जाणत नव्हती. सासरच्यांना कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही देऊन आलेल्या एका पोरीला त्यांनी भर गर्दीत विचारलं, "बारावी झाली न तू? कोऱ्या कागदावर सह्या कराले शिकवलं का शाळेत?" पोरीचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणालो, "बाई, जरा सबुरीनं." त्या म्हणाल्या, "आज लाज वाटली तं उद्या पोरगी वाचून सही करीन."

भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलेल्या बायकांना तर त्या हाकलल्यासारखं बोलत. "लेकीचा हक्क लग्नानं जात नाही. सहीनं जाते. उठ, अन् सही करू नको."

मग त्यांचे वडील वारले. वावरात आई, दोन भाऊ आणि बाई असे चार वारस. आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, मोठ्या भावाच्या घरी. बाई भेटायला गेल्या तेव्हा आईचं लुगडं दोन दिवसांचं ओलं होतं आणि उशाशी गोळ्या नव्हत्या. भाऊ म्हणाला, "सही कर, गोळ्या आणतो. नाही तं तू गावात पाय ठेवून दाखव." तिथं तिसरं कोणी नव्हतं. हे सगळं त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं.

"चला सोबत," एवढंच त्या पुढच्या सोमवारी म्हणाल्या. मी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गेलो. बाईंनी भावांचा मसुदा वाचला, गट नंबरातली चूक दाखवली आणि पान बदलून आणायला लावलं. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं करता?" बाई म्हणाल्या, "हो." सही केली. अंगठाही दिला.

आईला मात्र भावांनी पुन्हा भेटू दिलं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांच्या गावचा एक माणूस दाखल्यासाठी टेबलाशी आला आणि सहज बोलून गेला, "बाई, तुमी मायच्या मातीले काहून आल्या नाही?"

बाईंची बोटं थांबली. "कोणत्या तारखेले?" त्यांनी विचारलं. मातीला तीन दिवस झाले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी दावा टाकला. दबावाखाली घेतलेली सही रद्द होऊ शकते, हे त्यांना पाठ होतं. भावांच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं. त्यानं मागवलेले कचेरीतले बाईंचे जुने अर्ज घेऊन मी पिंजऱ्यात उभा राहिलो.

"धमकी तुमच्यासमोर दिली?"

"नाही. बाईंनी मला सांगितलं..."

"ऐकीव नको. सही तुमच्यासमोर केली?"

"हो."

"हक्कसोडपत्र म्हणजे काय, हे या बाईंना कळतं?"

मला वाटलं, आता बाईंची किंमत सगळ्यांना कळू दे. मी छाती काढून म्हणालो, "साहेब, आमच्या तालुक्यात त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही."

वकिलानं माझे आभार मानले. बाईंनी डोळे मिटले. तेव्हाही मला काही उमगलं नाही.

निकाल विरुद्ध गेला. बाईंनी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभ्यानं नक्कल वाचली. अडाणी बाईला कोर्टानं संशयाचा फायदा दिला असता. सगळं कळणाऱ्या बाईला कसा द्यायचा, असा त्याचा मतलब होता. माझं वाक्य त्यात जसंच्या तसं उतरवलं होतं. बाईंनी त्यावर बोट ठेवून मला दाखवलं.

"बाई, मी खोटं कसं बोलणार होतो?"

"खोटं बोलाले कोनं सांगतलं? 'हो' म्हणाचं अन् गप बसाचं. साक्षीत विचारलं तेवढंच सांगाव." कागदाची घडी घालत त्या म्हणाल्या, "एवढं साऱ्या तालुक्याले शिकवलं. तुमाले शिकवाचं राह्यलं."

अपील त्यांनी केलं नाही. दिवाळीआधी टेबल विकून त्या यवतमाळला निघून गेल्या. एसटी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. त्यांनी काच उघडली नाही.