अर्ध्या तासावरचं परगाव

शेवंतीचे क्रेट भरल्यावर टेम्पोत जी जागा उरली, तिथं माझी बॅग, गादीची वळकटी आणि गॅसची छोटी शेगडी बसली. केंदूरहून शिक्रापूरला जायचं होतं, जेमतेम अर्धा तास. तरी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझी ओटी भरली, लेक लांब चालल्यासारखी. सासरे आबा बांधलेलीच दोरी पुन्हा आवळत राहिले. सहा वर्षांची गौरी म्हणाली, "आई, कवा येणार?" "रविवारी," मी म्हणाले. नवरा टेम्पो चालवत होता.

आई, दादा, तुम्हाला माहेरी, भांडगावात, मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की कोर्सला चाललेय. क्लासमधल्या ज्या मैत्रिणी पुढं हैदराबादला गेल्या, त्यांना वाटतं मी कुठं गेलेच नाही. मलाही नक्की काय ते कळत नाही. म्हणून लिहायला बसले.

खरं तर नाव माझं नव्हतंच. कॉम्प्युटर नेटवर्क सपोर्टच्या सहा महिन्यांच्या कोर्सचा फॉर्म यांनी, माझ्या नवऱ्यानं, स्वतःसाठी भरला होता. आठ दिवस क्लासला गेलेही. मग फुलांची तोडणी सुरू झाली आणि म्हणाले, "माझं डोकं न्हाई चालत त्यात. तू बारावी सायन्स हायस. तूच जा." हे मला पुढं करणं होतं की स्वतः मागं सरणं, ते मी अजून विचारलेलं नाही. क्लास सुटेपर्यंत केंदूरची शेवटची एसटी गेलेली असायची, म्हणून शिक्रापुरात खोली घेतली, कंपनीत जाणाऱ्या दोघींबरोबर.

वर्गातली मुलं वीसच्या आतबाहेरची, मी बत्तीस वर्षांची. केबलमध्ये आठ तारा असतात, त्या ठरलेल्या रंगांच्या क्रमानं लावून टोकाच्या प्लगमध्ये दाबायच्या. ते मला पहिल्याच दिवशी जमलं. आयपी ॲड्रेसचं गणित मात्र डोक्यावरून जायचं. सर विचारायचे, "समजलं?" आणि मी सगळ्यांबरोबर मान हलवायची.

कोर्स झाल्यावर तिथल्याच एका कारखान्यात सपोर्टला लागले. दुसऱ्याच आठवड्यात सर्व्हर रूममध्ये एक केबल लोंबकळताना दिसली. बरं दिसत नाही म्हणून तिचं मोकळं टोक मी समोरच्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबल जोडणाऱ्या डब्यात, खोचलं. दुसरं टोक त्याच स्विचला होतं, ते पाहिलंच नाही. थोड्याच वेळात स्विचवरचे सगळे दिवे एकदम फडफडायला लागले आणि नेट बसलं. मालाची चलनं निघेनात, गेटपासून हायवेपर्यंत ट्रक उभे. सुपरवायझर धावत आले, "किसने क्या छेडा?"

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहता आलं असतं. पण दादा, तुम्ही लेकीला शाळेत सोडताना म्हणायचा ना, "न्हाई कळलं तर न्हाई कळलं म्हणायचं." मी केबल उपसली. "सर, ही मी लावली. काय झालं, ते मला कळलं नाही." त्यांनी भरपूर झापलं. नेट सुरू झाल्यावर पुठ्ठ्यावर एक गोल काढून दाखवला: दोन्ही टोकं एकाच जागी, त्यामुळं डेटा तिथल्या तिथंच गरगरत राहिला. मी पहिल्यांदा मान न हलवता तीनदा विचारलं. नोकरी राहिली.

आता रविवारी केंदूरला गेले, की आत्याबाई खुर्ची पुढं करतात. पाहुण्यांच्या कपात चहा येतो. आबा म्हणतात, "बसा, दमून आलात." मला ते 'तुम्ही' म्हणायला लागलेत. हा मान आहे की मी परकी झाले, कळत नाही. गेल्या खेपेला गौरी अंगणात पडली आणि ओरडली, "आजी!" मी उठले होते, तशीच परत बसले.

मग सरळ चुलीपुढं गेले, पिठलं टाकायला. बेसन सापडलं. मिठाच्या जागी मात्र डाळ होती. दोन डबे उघडून झाकले. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"मीठ कुठंय?" मी विचारलं.

"खिडकीत. डबा बदललाय." मग हळूच म्हणाल्या, "तुला काम सांगावं का न्हाई, हेच कळंना बघ आता."

"मला तरी कुठं कळतंय, आत्याबाई?"

त्या हसल्या आणि कांदा चिरायला माझ्याशेजारी बसल्या.

माझं घर कुठलं, हे आजही कुणी विचारलं तर मी चाचरते. पण आपल्याला काही सापडत नाही, हे जिथं मोठ्यानं म्हणता येतं, त्याला मी सध्या घर म्हणते.

जेवताना आबांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ जास्त झालंय," ते म्हणाले, आणि ताट माझ्याकडं सरकवलं. "वाढ अजून."